उलटा कोन आणि हॉल्टिंगचे पैसे

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी कळवलं, की बारावीला सोडलेली त्रिकोणमिती पुन्हा कशाला उकरून काढताय? सोडलेली असेल तर काही बिघडत नाही. आज सूत्रं पाठ करायची नाहीत. पायथनच्या 'मॅथ' नावाच्या लायब्ररीत चार छोटी फलं आहेत: एसिन, एकॉस, एटॅन आणि एटॅन-टू. शाळेच्या भाषेत व्यस्त त्रिकोणमितीय फलं. त्यातल्या एकामुळे माझ्या हातून काही लोकांच्या पगारातले पैसे कापले गेले. ते कसं घडलं, हे सांगायला मी आज बसलो आहे.

मी बडोद्यात काम करतो. काही वर्षांपूर्वी एका ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी मी गाड्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक टेम्पोत जीपीएसचा डबा बसवलेला. दर तीस सेकंदांनी तो अक्षांश-रेखांश पाठवतो. लागोपाठच्या दोन नोंदींमधलं अंतर काढायचं, बेरीज करायची, म्हणजे गाडी किती किलोमीटर चालली ते कळतं. दोन नोंदींत वीस मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर गाडी उभी आहे असं धरायचं आणि ते तीस सेकंद थांब्याच्या खात्यात टाकायचे. या थांब्याला महत्त्व आहे. माल घेऊन गाडी गोडाऊनच्या दारात पोचली आणि पार्टीनं ती वेळेत खाली करून घेतली नाही, तर पुढच्या वेळेचं हॉल्टिंग मिळतं. त्यातला वाटा ड्रायव्हरला जातो. आणखी एक नियम मालकांनीच सांगितला होता: पंधरा मिनिटांहून जास्त वेळ नोंदच नसेल, तर ड्रायव्हरनं डब्याची वायर काढली असं समजायचं आणि दंड लावायचा. काही जण खरंच वायर काढायचे, त्यामुळे नियम अगदी हवेतून आलेला नव्हता.

प्रोग्राम चालू झाला. दोनेक महिन्यांनी एक ड्रायव्हरकाका ऑफिसात आले. मूळचे नंदुरबारकडचे, वय पंचावन्नच्या पुढं. मालकांनी त्यांना थेट माझ्यासमोर उभं केलं, म्हणजे मीच उत्तर द्यावं. काकांच्या हातात गेट पास होता. आत आल्याची वेळ अकरा वाजून दहा मिनिटं, बाहेर पडल्याची चार चाळीस. माझ्या रिपोर्टात अकरा वीसपासून साडेचारपर्यंत 'नोंद नाही' असं लिहिलेलं. हॉल्टिंग शून्य आणि वर वायर काढल्याचा दंड.

काका म्हणाले, "साहेब, मी कुठं गेलो नाही. गाडीतच होतो. डब्याचा दिवा लुकलुकत होता, मी बघत होतो की. वायर कशाला काढू?"

मी काय उत्तर दिलं असेल? तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांनी ओळखलं असेल. मी म्हणालो, "काका, तिथं नेटवर्क नसेल."

ते गप्प बसले. जाताना म्हणाले, की मागच्या आठवड्यात त्याच दारात उभा होतो तेव्हा नेटवर्क होतं. हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तेच दार, तीच गाडी, तोच डबा. एका दिवशी पाच तास बरोबर मोजले जातात आणि दुसऱ्या दिवशी पाचच्या पाच तास गायब होतात. नेटवर्क असं वागत नाही. नेटवर्क मधूनच जातं, मधूनच येतं. पाच तास अखंड जायचं आणि गाडी हलली की त्याच क्षणी परत यायचं, हे जरा जास्तच शिस्तीचं झालं.

संध्याकाळी सर्व्हरवरच्या कच्च्या नोंदी उघडल्या. सहाशेवीस नोंदी होत्या. एकही हरवलेली नव्हती. सगळ्या हुबेहूब सारख्या, शेवटच्या दशांशापर्यंत. ते स्वाभाविक आहे, कारण गाडी उभी राहिली की अनेक जीपीएस चिप स्थान गोठवून ठेवतात, नाहीतर उभी गाडीसुद्धा नकाशावर इकडे-तिकडे थरथरत राहते. मग त्या जोडीतलं अंतर मी हातानं काढून पाहिलं. आणि पायथननं लाल अक्षरांत सांगितलं: मॅथ डोमेन एरर.

आता थोडं गणित, कारण इथून पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर काढायचं पुस्तकातलं सूत्र असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइननं गुणा, दोन्हींची बेरीज करा. ही बेरीज म्हणजे त्या दोन ठिकाणांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेल्या कोनाचा कोसाइन. आपल्याकडे कोसाइन आहे, हवा आहे कोन. म्हणजे उलटं जायचं. ते काम एकॉस करतं. कोन रेडियनमध्ये येतो, त्याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येनं, ६३७१ किलोमीटरनं गुणलं की अंतर मिळालं.

दोन्ही ठिकाणं एकच असतील तर काय होतं? साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग. आठवतंय ना? त्याचं उत्तर एक. प्रत्येक वर्गातल्या प्रत्येक फळ्यावर ते एक आलेलं आहे. कॉम्प्युटरवर मात्र ते दर वेळी एक येत नाही. कॉम्प्युटर संख्या ५३ बायनरी अंकांत साठवतो, म्हणजे साधारण सोळा दशमान अंक. साइन काढताना शेवटचा अंक गोल केला जातो, वर्ग करताना पुन्हा, बेरीज करताना पुन्हा. बहुतेक अक्षांशांना या गोल करण्याच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि नेमका एक येतो. काहींना एकाच्या किंचित खाली येतो. आणि काहींना येतं १.०००००००००००००००२. एक, मग पंधरा शून्यं, मग दोन.

एकाहून मोठा कोसाइन असलेला कोन अस्तित्वातच नाही. एकॉसला दिलेली संख्या उणे एक ते एक याच्या बाहेर गेली की पायथन चूक दाखवून थांबतो. सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये हेच केलंत तर प्रोग्राम थांबत नाही, 'नॅन' मिळतं, म्हणजे 'ही संख्याच नव्हे'. पायथननं आरडाओरडा केला हे खरं तर त्याचे उपकार. पण मी काय करून ठेवलं होतं? अंतर काढण्याच्या ओळीभोवती 'ट्राय-एक्सेप्ट' लावून, चूक आली तर 'कंटिन्यू', म्हणजे ही जोडी सोडून पुढं जा, असं लिहिलं होतं. कधीमधी जीपीएस कचरा नोंद पाठवतो, ती गाळायला म्हणून. लायब्ररी ओरडत होती आणि मीच तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

काकांच्या दारातलं कोडं आता सुटलं. गाडी कधी एक मीटर पुढं, कधी दोन मीटर मागं लागायची. स्थान गोठायचं तेव्हा अक्षांशाचा पाचवा-सहावा दशांश वेगळा असायचा. चांगल्या आकड्यावर गोठलं तर पाच तास व्यवस्थित मोजले जायचे. वाईट आकड्यावर गोठलं तर सहाशेवीसच्या सहाशेवीस जोड्यांत तीच चूक, आणि सगळा थांबा पुसला जायचा. चालत्या गाडीला हा त्रास जवळपास नव्हता, म्हणून किलोमीटर बरोबर येत होते आणि मालक खूश होते. सूत्राचा फटका फक्त शांतपणे उभ्या राहणाऱ्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सगळं दाखवलं. जुन्या नोंदी दुरुस्त कोडमधून पुन्हा चालवल्या, तेव्हा डझनाहून जास्त ड्रायव्हरांचे असे थांबे सापडले. दंडाचे पैसे पुढच्या पगारात परत दिले गेले. हॉल्टिंगचं मात्र सगळं निस्तरलं नाही. जी बिलं पार्टीकडून चुकती होऊन बंद झाली होती, ती पुन्हा उघडायला कुणी तयार झालं नाही. ते पैसे बुडाले. काकांचे त्यातले दोन थांबे होते.

दुरुस्ती काय केली? पहिली दुरुस्ती सगळेच करतात ती: एकॉसला देण्याआधी संख्या एकाहून मोठी असेल तर एक करून टाका, उणे एकाहून लहान असेल तर उणे एक. एका ओळीचं काम. हॉल्टिंगपुरतं ते पुरतं. पण मला ते टाके घातल्यासारखं वाटत राहिलं, कारण मूळ दुखणं वेगळं आहे. लहान अंतर मोजायला एकॉस हे हत्यारच चुकीचं आहे.

असं बघा. एखाद्या गोल माथ्याच्या टेकडीच्या अगदी वर तुम्ही उभे आहात. डोळे बांधलेत, हातात फक्त उंची सांगणारं यंत्र आहे. माथ्यावरून दोन पावलं चाललात तर उंचीत काहीच फरक पडत नाही. चार पावलं चाललात तरी नाही. आता यंत्राकडे बघून सांगा, किती पावलं चाललो? सांगता येणार नाही. उतारावर मात्र हेच यंत्र छान चालेल. कोसाइनचं तसंच आहे. शून्य कोनाजवळ तो सपाट माथा असतो. एक अंशाचा कोसाइन ०.९९९८५. जमिनीवरचं एक मीटर घेतलं, तर त्याचा केंद्राशी होणारा कोन इतका छोटा की कोसाइन एकापेक्षा फक्त ०.०००००००००००००१२ नं कमी. चौदाव्या दशांशावर पहिला अंक उगवतो आणि आपल्याकडे एकूण सोळा अंक आहेत. उरले दोन. त्या दोन अंकांच्या जोरावर आपण मीटर मोजतो.

हिशेब पुढं नेऊ. एकाच्या खालची लगेचची संख्या कॉम्प्युटरला माहीत आहे ती एक वजा दोनाचा उणे त्रेपन्नावा घात. तिचा एकॉस काढला आणि ६३७१ किलोमीटरनं गुणला की येतात साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे या सूत्राला शून्य माहीत आहे आणि त्यानंतर थेट साडेनऊ सेंटिमीटर; मधलं काही नाही. टेम्पोसाठी चालून जाईल.

पण एका इंजिनिअरिंगच्या मुलानं मला त्याचा प्रोजेक्ट दाखवला. अर्डुइनो ऊनोचा बोर्ड, त्याला जीपीएस, आणि आजोबा सोसायटीच्या फाटकापासून शंभर मीटर दूर गेले की घरी घंटी वाजणार. घंटी वाजतच नव्हती. आजोबा भाजी घेऊन परतसुद्धा आले. कोडमध्ये हेच एकॉसचं सूत्र होतं. अर्डुइनो ऊनोवर 'डबल' असं लिहिलं तरी प्रत्यक्षात संख्या चार बाइटचीच असते, ५३ ऐवजी २४ बायनरी अंक. तिथं एकाच्या खालच्या लगेचच्या संख्येचा एकॉस घेऊन गुणा. उत्तर येतं २.२ किलोमीटर. शून्यानंतरचं पहिलं अंतर सव्वादोन किलोमीटर! आजोबा शंभर मीटरवर असोत की पाचशे, गणित म्हणणार, घरीच आहेत. त्या मुलानं अंतराची मर्यादा बदलून पाहिली होती, जीपीएसचा डबा बदलला होता, अँटेना बदलली होती. सूत्राकडे बघितलं नव्हतं, कारण सूत्र पुस्तकातलं.

यावरचा उपाय जुना आहे आणि दर्यावर्दी लोकांनी शोधलेला आहे. त्याला हॅव्हरसाइन म्हणतात. १८३५ साली जेम्स इनमन यांनी हा शब्द रूढ केला. 'हाफ व्हर्स्ड साइन' याचं ते लघुरूप. व्हर्स्ड साइन म्हणजे एक वजा कोसाइन. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत त्यालाच उत्क्रमज्या म्हणत. कल्पना अशी, की एकाच्या अगदी जवळची संख्या साठवू नका, तिचा एकापासूनचा फरकच थेट साठवा. कोनाच्या निम्म्याचा साइन घेऊन त्याचा वर्ग केला की हॅव्हरसाइन होतो. एक मीटरसाठी तो साधारण ०.००००००००००००००६२ असा येतो. दिसायला भयंकर छोटा, पण फ्लोटिंग पॉइंटला छोट्या संख्येची भीती नसते. शून्यं घातांकात जातात आणि सोळाच्या सोळा अंक कामाला मोकळे राहतात. मग त्याचं वर्गमूळ काढा, एसिन घ्या, दुपटीनं त्रिज्येला गुणा. दोन्ही ठिकाणं एकच असतील तर फरक नेमका शून्य येतो, वर्गमूळ शून्य, एसिन शून्य. एकच्या पलीकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. १९८४ मध्ये आर. डब्ल्यू. सिनट यांनी 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात या सूत्राचे गुण सांगणारी टिपण लिहिली, आणि तेव्हापासून प्रोग्राम लिहिणाऱ्यांमध्ये ते पसरलं. मी ते वाचलं १.०००००००००००००००२ बघितल्यानंतर. क्रम उलटा झाला.

हॅव्हरसाइनचंही एक दुखरं टोक आहे: पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूला असलेल्या ठिकाणी तो डळमळतो, कारण तिथं एसिनची टेकडी सपाट होते. बडोदा असो की पुणे, आपल्या बरोबर पायाखाली पॅसिफिक महासागर आहे. तिथं माझा टेम्पो जात नाही. तुमचं जहाज जात असेल तर एटॅन-टू वापरा. त्याच्याकडे मी येतोच आहे.

त्याआधी एक प्रश्न, जो मला नेहमी विचारला जातो. एसिन, एकॉस यांच्यामागे लागलेला तो 'ए' कसला? तो 'आर्क'चा. आर्क म्हणजे चाप, वर्तुळाचा तुकडा. साइन दिलाय, चाप सांगा. आपल्याकडे हा व्यवहार याच शब्दांत होत होता. साइनला ज्या म्हणत, म्हणजे धनुष्याची दोरी, आणि वाकलेल्या काठीला चाप. इसवी सन ४९९ च्या 'आर्यभटीया'त चोवीस ज्यांचं कोष्टक आहे, पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतरानं, त्रिज्या ३४३८ धरून. चापावरून ज्या हवी असेल तर कोष्टक सरळ वाचा, ज्येवरून चाप हवा असेल तर तेच कोष्टक उलट वाचा. ग्रहाचं स्थान काढताना ही उलट वाट सतत लागते. 'साइन' हा शब्दही ज्येचाच अपभ्रंश. ज्या-जीवा अरबीत गेली, तिथं तिची अक्षरं 'जैब' अशी वाचली गेली, जैब म्हणजे कपड्याची घडी, छातीशी असलेला खोलगट भाग, आणि लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा 'सायनस' केला. दोरी गेली, घडी राहिली.

कोष्टकाशिवाय चाप काढायची वाट केरळात सापडली. संगमग्रामचे माधव, चौदावं-पंधरावं शतक. आज आपण ज्याला एटॅनची श्रेणी म्हणतो ती त्यांच्या नावावर आहे: टॅन वजा टॅनचा घन भागिले तीन, अधिक पाचवा घात भागिले पाच, वजा सातवा घात भागिले सात, असं पुढं. ज्येष्ठदेवांनी सोळाव्या शतकात मलयाळममध्ये लिहिलेल्या 'युक्तिभाषा' या ग्रंथात ती सिद्धतेसकट आहे. युरोपात जेम्स ग्रेगरी तिच्यापाशी १६७१ मध्ये पोचले.

आता त्यात टॅन एक घाला, म्हणजे पंचेचाळीस अंश. एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश, हे पायच्या पाव हिश्श्याकडे जातं. दिसायला देखणं, चालीला गोगलगाय. हजार पदं घेतलीत तरी पायचा तिसराच दशांश डळमळतो. माधवांच्या परंपरेत यावर तोडगा आहे. पंचेचाळीस अंशांऐवजी तीस अंश घ्या. टॅन मग एक भागिले तीनाचं वर्गमूळ. आता प्रत्येक पद आधीच्याच्या तिपटीहून जास्त लहान होतं, आणि वीस-एकवीस पदांत पाय दहा-अकरा दशांशांपर्यंत हातात येतो. संख्या शून्याच्या जवळ आणा, मग श्रेणी धावते. एवढंच तत्त्व.

हे लक्षात ठेवून लायब्ररीच्या पोटात डोकावू. पायथनचं मॅथ स्वतः फार काही करत नाही, खालच्या सी लायब्ररीला विचारतं. या सी लायब्रऱ्यांपैकी अनेकींचं मूळ 'एफडीलिबएम' या संचात आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९३ च्या सुमारास तो तयार झाला आणि खुला केला गेला. जावाचं 'स्ट्रिक्टमॅथ' त्याच्यावर बेतलेलं आहे, क्रोममधलं जावास्क्रिप्टही त्याचीच नक्कल वापरतं. त्यातली एटॅनची फाइल उघडून पाहा, वाचण्यासारखी आहे. आधी आलेली संख्या कुठल्या पट्ट्यात पडते ते बघतात: सात सोळांशांच्या खाली, अकरा सोळांशांच्या खाली, एकोणीस, एकोणचाळीस. प्रत्येक पट्ट्यासाठी जवळच्या एका ठरावीक संख्येचा एटॅन तयार ठेवलेला आहे: अर्धा, एक, दीड, अनंत. तो बाजूला काढला की उरलेली संख्या कायम सात सोळांशांच्या आत येते. शून्याजवळ आणली! मग अकरा गुणकांची एक बहुपदी.

आणि ते गुणक बघा. पहिला ०.३३३३३३३३३३३३३२९. दुसरा उणे ०.१९९९९९९९९९९८७६. तिसरा ०.१४२८५७१४२७२५. एक तृतीयांश, एक पंचमांश, एक सप्तमांश, किंचित घासलेले. मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारून आलो. घासलेले का? श्रेणी अकरा पदांवर तोडायची आहे, पुढच्या अनंत पदांचं ओझं या अकरांवरच वाटून द्यायचं आहे. म्हणून शेवटाकडचे गुणक बरेच सरकलेले दिसतात. अकरावा खरं तर एक तेवीसांश, म्हणजे ०.०४३५ च्या आसपास हवा. फाइलीत तो ०.०१६३ आहे. 'सगळं आमच्याकडे आधीच होतं' असली भाषणं मला आवडत नाहीत. एफडीलिबएम लिहिणाऱ्यांनी शेवटच्या बिटपर्यंत चुकीचा जो हिशेब ठेवला आहे, ते वेगळंच कसब आहे. पण त्या फाइलीत माधवांची श्रेणी ओळखू येते, हेही तितकंच खरं.

आता थोडं वेगानं. ही फलं पूर्ण उलटी नसतात, हे विसरू नका. साइन तीन रेडियनचा काढा, आणि त्याचा एसिन घ्या. तीन परत येत नाही. येतं ०.१४१५९. ओळखीचं वाटतंय ना? पाय वजा तीन. एकच साइन असलेले अनेक कोन असतात, लायब्ररी त्यातला उणे नव्वद ते नव्वद अंशांतला एकच देते. एकॉस शून्य ते एकशे ऐंशीतला देतं. आणि सगळं रेडियनमध्ये. अंश हवे असतील तर 'डिग्रीज' वापरा. अंशातली संख्या थेट साइनला दिलीत तर तीसचं उत्तर अर्धा येण्याऐवजी उणे ०.९८८ येईल.

राहिलं एटॅन-टू. गाडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नकाशावर बाणानं दाखवायचं होतं. पूर्वेकडे किती सरकली, उत्तरेकडे किती सरकली, हे माहीत. भागाकार करून एटॅन घेतला तर ईशान्य आणि नैर्ऋत्य यांचं उत्तर एकच येतं, कारण उणे भागिले उणे अधिक होतं आणि खूण पुसली जाते. उत्तरेकडचं सरकणं शून्य असेल तर शून्यानं भागाकार, तो वेगळाच. म्हणून फोर्ट्रानच्या काळापासून, म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, भागाकार न करता दोन्ही संख्या वेगवेगळ्या घेणारं फल लायब्रऱ्यांत आहे. दोघांची चिन्हं बघून ते पूर्ण वर्तुळातला कोन देतं.

फक्त क्रम सांभाळा. पायथन, सी, जावा, सगळीकडे आधी वाय, मग एक्स. एक्सेलमध्ये नेमकं उलटं: आधी एक्स, मग वाय. मालकांच्या मुलाला तोच हिशेब एक्सेलमध्ये हवा होता, म्हणून मी सूत्र जसंच्या तसं उतरवून दिलं. बडोद्याहून इंदूरला पूर्वेकडे निघालेली गाडी उत्तरेकडे बघायला लागली. अहमदाबादला वायव्येकडे जाणारी आग्नेयेकडे, म्हणजे मागं चालल्यासारखी. ईशान्येला जाणारी तेवढी बरोबर, कारण तिथं एक्स आणि वाय सारखेच. मी तपासून पाहायला नेमकी ईशान्येला जाणारी गाडी घेतली होती. हे माझं नशीब.

हे सगळं निस्तरून महिना झाला असेल. ते ड्रायव्हरकाका पुन्हा ऑफिसात आले, या वेळी स्वतःहून. मोबाइलवर नकाशा उघडून त्यांनी माझ्यापुढं धरला. "साहेब, एक विचारू का? गाडी चालू असली की बाण बरोबर असतो. उभी केली की सगळ्या गाड्यांची तोंडं उत्तरेला. माझी काल भिंतीकडं तोंड करून उभी होती, दक्षिणेला."

मी कोड उघडला. उभी गाडी पूर्वेकडे शून्य सरकलेली, उत्तरेकडे शून्य सरकलेली. एटॅन-टूला दोन शून्यं दिली तर गणिताच्या दृष्टीनं दिशाच नाही. पण पायथन इथं चूक दाखवत नाही, शून्य देऊन मोकळा होतो. आणि माझ्या नकाशावर शून्य म्हणजे उत्तर. या वेळी मी नेटवर्कचं नाव घेतलं नाही. काकांना खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि ते बसलेले असतानाच दोन ओळी लिहिल्या: दोन्ही सरकणी शून्य असतील तर आधीचीच दिशा कायम ठेव. काकांनी खाली उभी असलेली त्यांची गाडी नकाशावर शोधली, बाण बघितला, खिडकीतून खाली वाकून गाडी बघितली, आणि म्हणाले, "हां. आता बरोबर."